फेरी बाचीचं मटण

देवमन गुरुजी दोन वर्षांनी बोलले, आणि बोलले ते टोमॅटोवर.

नोव्हेंबरातला रविवार होता, दुपारचा एक वाजला होता. अमरावतीत राजापेठेतल्या त्यांच्या घरी, मागच्या अंगणात चूल पेटवून त्यांच्या मुलीनं, दीक्षानं, मटण शिजवलं होतं. माय, म्हणजे भागीरथाबाई, नवऱ्याला नेहमीसारखी भरवायला बसली होती. पहिला घास तोंडात गेला, गुरुजींचा जबडा मधेच थांबला, आणि ते स्वच्छ आवाजात म्हणाले, "टमाटर काहून टाकले यात?"

मायच्या हातातली भाकर ताटात पडली. दीक्षा खरकट्या हातानंच उठली आणि वडिलांच्या पायाशी बसून लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली. गुरुजी शांतपणे दुसरा घास चावत होते. टमाटर खालच्या अंगाचे लोक टाकतात, आपल्याकडे नाही टाकत, एवढं आणखी बोलून त्यांनी पाणी मागितलं. मायनं तासाभरात गल्लीतल्या सात घरी साखर वाटली.

गुरुजी सव्वीस वर्षं तिवशाच्या शाळेत मास्तर होते. घरात बुवाबाजी, उतारा, अंगात येणं यांचं नाव काढलेलं त्यांना खपायचं नाही. दरवर्षी शाळेच्या दारात कुणीतरी टाकलेलं लिंबू ते पोरांसमोर कापून, मीठ लावून खात आणि उरलेलं हेडमास्तरांना देत. दीक्षा त्यांची एकुलती एक. तिला त्यांनी सायकलवर मागे बसवून पाढे शिकवले, आणि ती शेतीचं शिक्षण घ्यायला स्कॉलरशिपवर हंगेरीला निघाली तेव्हा बडनेरा स्टेशनवर सगळ्यांना ऐकू जाईल असं भाषण ठोकलं. ती तिकडे असतानाच एका सकाळी त्यांना झटका आला. हातपाय महिन्याभरात पुन्हा चालू लागले, पण वाचा गेली, आणि आपण होऊन ते घासही उचलेनात. डॉक्टर म्हणाले, मेंदूत आता काही दिसत नाही, येईल हळूहळू. आली नाही. दीक्षाला तेव्हा येता आलं नव्हतं आणि ते तिला आतून कुरतडत होतं. आता ती अकोल्याला कृषी विद्यापीठात नोकरीला होती, दर शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं घरी यायची. बाबा एकदा तरी आपल्याशी बोलावेत, याशिवाय तिला दुसरं काही नको होतं.

ते मटण वऱ्हाडी नव्हतं. दीक्षा देब्रेत्सेन शहरात ज्या म्हाताऱ्याच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायची, त्याचं ते मटण. म्हाताऱ्याचं नाव फेरेन्त्स, पण सगळी गल्ली त्याला फेरी बाची म्हणायची; बाची म्हणजे काका. वय सत्त्याऐंशी. मूळचा कार्त्साग गावचा, आणि सगळी हयात लग्नाकार्यात आणि मेंढपाळांच्या जेवणावळीत मटण शिजवण्यात गेलेली. त्या मटणाला तिकडे पोरकोल्ट म्हणतात. भरपूर कांदा चरबीत मऊ करायचा, भांडं विस्तवावरून उतरवून मग गोड मिरचीचं लाल तिखट घालायचं, म्हणजे ते जळत नाही. त्यावर मटण. वरून पाण्याचा थेंब घालायचा नाही. कांद्याच्या आणि मटणाच्या अंगच्या पाण्यातच ते शिजतं. आणि सराटा, म्हणजे उलथनं, लावायचा नाही. भांड्याचे दोन्ही कान धरून ते गोल फिरवायचं, बस्स.

हंगेरी आपल्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, पण या एका मटणावरून तिथे दर पंचवीस कोसांवर तोंडं फिरतात. दानुब नदीपलीकडचे लोक त्यात आंबट साय घालतात. सेक्सार्दकडे लाल वाइन ओततात. सेगेदच्या बाजूला टोमॅटो आणि ढोबळी मिरची. फेरी बाचीच्या मते ही सगळी बिघडलेली माणसं. खरं मटण कार्त्सागचं: अख्खा मेंढा, त्याची मुंडी आणि पाय विस्तवावर खरपूस भाजून त्यातच टाकलेले, आणि कांदा, तिखट, मीठ. दीक्षाला हे ऐकताना हसू यायचं. मसाल्यात तीळ की खसखस, यावर तिचे काका आणि मामा एकदा दोन वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते.

त्या पहिल्या रविवारी तिनं सोपं म्हणून सेगेदकडचं केलं होतं, टोमॅटो घालून. सोमवारी सकाळी अकोल्याच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती, मन हलकं होतं. मूर्तिजापूर गेलं आणि तिला ते वाक्य पुन्हा आठवलं. 'टमाटर खालच्या अंगाचे लोक टाकतात, आपल्याकडे नाही टाकत.' हे वाक्य बाबांचं नव्हतंच. वऱ्हाडात टोमॅटोवरून असलं काही कुणी म्हणत नाही. हे फेरी बाचीचं वाक्य होतं, शब्दाला शब्द. कार्त्सागच्या खाली, दक्षिणेला, सेगेद आहे.

मी कधीतरी फोनवर सांगितलं असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. शिकलेल्या माणसाला अशा समजुती चटकन सुचतात. बाबा पुन्हा बोलायला हवे होते, म्हणून पुढच्या रविवारी तिनं पुन्हा चूल पेटवली. आणि जरा मनातलं भय पडताळून पाहायला, या वेळी आंबट साय घातली.

गुरुजींनी एक घास खाल्ला आणि तोंड वाकडं केलं. "हे नदीपलीकडचं हाय," ते म्हणाले.

मायनं कौतुकानं विचारलं, कोणत्या नदीच्या, वर्धेच्या का? ते हसले. म्हणाले, नाही, मोठी नदी, तिच्यात जहाजं चालतात. मग खुर्चीवरून उठले, चुलीपाशी गेले, फडक्यानं मटणाच्या गंजाचे, म्हणजे पातेल्याचे, कान धरून तो हलक्या हातानं गोल फिरवला आणि सांगू लागले. एका हिवाळ्यात विहिरी गोठल्या होत्या. बर्फ फोडून मेंढ्यांना पाणी पाजावं लागलं. एक पांढरा कुत्रा बर्फात सापडेना, तर त्याच्या भुंकण्यावरून त्याला शोधला. नागपूरच्या पलीकडे कधी न गेलेले गुरुजी हे सगळं वऱ्हाडीत सांगत होते. तोंडाला सवय तीच होती, आठवणी तेवढ्या दुसऱ्याच्या होत्या. दीक्षानं तिवशाच्या शाळेचा विषय काढला, पोरांची नावं घेतली, लिंबाची गोष्ट सांगितली. त्यांनी पाहुण्यानं ऐकावं तसं ऐकून घेतलं आणि नम्रपणे मान हलवली. त्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

मग ते मायकडे वळले. "बाई, तुमी बसा ना. तुमी कवा जेवनार?"

नवरा बायकोला अहो-जाहो करत होता. दीक्षाला वाटलं, माय आता घाबरेल. माय घाबरली नाही. पदर सारखा करून ती खाली बसली आणि त्यांच्यासमोर जेवली. असं ती या घरात कधी जेवली नव्हती.

तिसऱ्या रविवारी दीक्षानं चूल पेटवायला नको होती. पण आठवडाभर माय फोनवर सांगत होती, आज ते एवढं बोलले, आज त्यांनी मला कांदे चिरून दिले. गप्प बसलेले बाबा पुन्हा पाहायचं दीक्षाला धाडस होईना. चंद्रभान खाटकाकडून तिनं मेंढ्याची मुंडी आणि पाय भाजून आणले आणि कार्त्सागचं मटण केलं. गुरुजींनी घास घेतला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. ते दोनच शब्द बोलले आणि ते वऱ्हाडी नव्हते, मराठी नव्हते. त्या घरात ते फक्त दीक्षाला कळले. 'हे माझं.'

ती गच्चीवर गेली आणि देब्रेत्सेनला फोन लावला. फेरी बाचीच्या मुलीनं, इलोनानं, उचलला. ती म्हणाली, बरं झालं तू फोन केलास. सप्टेंबरात वडिलांना वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणतात फार दिवस नाहीत. आणि गेले दोन आठवडे त्यांना काय झालंय कळत नाही. आपली भाषाच विसरलेत. भलतंच काही बोलतात, नर्सना वाटतं बडबड आहे. मी आता त्यांच्याजवळच आहे, तू बघ.

पडद्यावर फेरी बाची आला. तोच पांढऱ्या मिशांचा चेहरा. पण तो खुर्चीत एक पाय दुमडून बसला होता, आणि उजव्या हाताचा अंगठा दोन बोटांवर घासत होता. खडूची भुकटी झाडावी तसं गुरुजी आयुष्यभर करायचे. त्यानं फोनमध्ये डोळे बारीक करून पाहिलं.

"दीक्षा," तो म्हणाला, "माय कोठी हाये तुही? मले अथचं काईच समजून नाई राहिलं."

दीक्षा गच्चीवरच बसून राहिली, आणि तिथे बसल्या बसल्या तिला सगळं उमगलं. उमगायला फार काही नव्हतंच.

मायच्या माहेरची एक रीत होती. घरचं माणूस परगावी असलं की रविवारी मटणाचा पहिला घास त्याच्या नावानं ताटाच्या कडेला काढून ठेवायचा. जेवण झालं की तो घरच्याच कुणीतरी खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. ही मायेची गोष्ट आहे, अंधश्रद्धा नाही, असं म्हणून गुरुजी ते चालवून घेत. दीक्षानं देब्रेत्सेनमध्ये तीच रीत पाळली. दर रविवारी बाबा स्वतः करायचे त्या पद्धतीचं मटण करायची, पहिला घास बाबांच्या नावानं बाजूला ठेवायची. पण तिथे घरचं दुसरं कोण होतं? फेरी बाचीनं लहानपणी लढाईतली उपासमार पाहिलेली. ताटात अन्न राहिलेलं त्याला बघवायचं नाही. तो हसत हसत तो घास उचलायचा आणि तोंडात टाकायचा. दीक्षाही हसायची. तीन वर्षं, दर रविवारी, बाबांच्या नावचा घास त्यानं खाल्ला होता, आणि मधेच कधीतरी अमरावतीत बाबा रिकामे झाले होते. आता ती इथे बसून त्या रिकाम्या जागी फेरी बाचीचं मटण भरवत होती.

हे बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी तिला छडी मारली असती. पण सांगायला बाबा होते कुठे? ते होते देब्रेत्सेनमध्ये, एका थकलेल्या शरीरात. आणि ते शरीर थांबायच्या आत त्यांना परत आणायचं होतं.

तिला एकच वाट दिसत होती. ज्याचं त्याला खाऊ घालायचं. तिकडे इलोनानं बापाला कार्त्सागचं मटण त्याचं नाव घेऊन भरवायचं, इकडे आपण बाबांना त्यांचं वऱ्हाडी मटण, त्यांच्या नावचा घास. एकाच वेळी. इलोनाला तिनं खरं कारण सांगितलं नाही. मरणाच्या दारातल्या बापाला त्याच्या गावचं एकदा करून घाल, एवढंच म्हणाली. इलोनाला ते करता येत नव्हतं. मग हंगेरीच्या बाईला हंगेरीचं मटण अमरावतीच्या पोरीनं फोनवर शिकवलं, सराटा लावू नकोस हे तीनदा बजावून.

मायला मात्र तिनं सगळं सांगितलं. माय भाजी निवडत होती. तिनं फक्त कधी करायचं एवढं विचारलं.

रविवार आला. इकडचे चार म्हणजे तिकडचे साडेअकरा. दीक्षानं निखाऱ्यावर कांदे काळे होईपर्यंत भाजले, खोबरं आणि खसखस भाजून वाटली, काळा मसाला घातला. बाबांच्या हाताचा तो वास अंगणभर पसरला. खुर्चीतला माणूस नाकाला रुमाल लावून बसला होता. बरोबर चारला तिनं पहिला घास काढला, 'देवमन, माझे बाबा' असं मोठ्यानं म्हणून ताटाच्या कडेला ठेवला, आणि आत चार्जिंगला लावलेला फोन वाजला म्हणून धावत गेली. इलोना म्हणाली, मी तयार आहे, भरवते आता.

दीक्षा फोन घेऊन बाहेर आली तेव्हा ताटाची कड रिकामी होती. माय तोंडातला घास चावत होती. तिला कसली घाई नव्हती.

मायनं गिळलं, पाणी प्याली, आणि मग बोलली. नवऱ्याच्या नावचा घास बायकोनं खाल्ला, रीत तर मोडली नाही ना, असं आधी म्हणाली. सदतीस वर्षं त्यांच्या ताटातलं उरलेलंच खात आले, म्हणाली. मारलं नाही कधी, उपाशी ठेवलं नाही. पण माझ्याशी ते कामापुरतं बोलले. पाणी आण, डबा भर, दिवा मालव. तुला पाढे शिकवले, मला कधी नाव घेऊन हाक नाही मारली.

"मले दुसऱ्याच रविवारी समजलं होतं, हा मानूस ते नोहेत," माय म्हणाली. "मी बायको हाओ त्यायची, मले नाई समजनार? पन हा मले तुमी म्हनते, दीक्षा. तुमी जेवल्या काय म्हनते."

दीक्षाला मायचा एवढा राग आयुष्यात कधी आला नव्हता. आपल्या लाडक्या बाबांना या बाजूनं तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिनं दुसरा घास काढला आणि खुर्चीतल्या माणसापुढे धरला. त्यानं मायकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. तिनं पुन्हा धरला. त्यानं मान फिरवली. फोनवर तिकडून इलोना सांगत होती, त्यांनी एक घास खाल्ला आणि थुंकला, आता नुसते दाराकडे बघत बसलेत.

दीक्षानं विद्यापीठात आठ दिवसांची रजा कळवली. सोमवारी पुन्हा करायचं, मायला घराबाहेर पाठवून करायचं, असं तिनं ठरवलं. सोमवारी इलोना म्हणाली की ते काही गिळत नाहीत. मंगळवारी दुपारी तिचाच फोन आला. दीक्षा अंगणातल्या दगडावर बसली होती, माय दारात, तो माणूस खुर्चीत ऊन खात. वडील पहाटे गेले, इलोना म्हणाली. शांतपणे गेले.

ती रडत होती. जरा वेळानं म्हणाली, तुला एक विचारायचंय. शेवटचे दोन दिवस ते एकच वाक्य म्हणत होते. कुणी खोलीत आलं की म्हणायचे. मी कागदावर उतरवून घेतलंय, तुझं नाव आहे त्यात. आणि तिनं अडखळत, परक्या जिभेनं वाचलं, "दीक्षा आली काय?"

दीक्षानं डोळे मिटले. मग तिनं इलोनाला अर्थ सांगितला, कारण तो लपवण्यासारखा नव्हता.

मग इलोना म्हणाली, मी समोर बसले होते. हात हातात घेऊन बसले होते. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही.

खुर्ची करकरली. तो माणूस फोनमधला इलोनाचा आवाज ऐकून उठून उभा राहिला होता आणि दीक्षाच्या हातातल्या फोनकडे पाहत होता. दारातून मायनं मानेनं नाही म्हटलं. एकदा त्याला त्याची लेक सापडली की तो इथे राहणार नाही, हे भय तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं, आणि मायच्या तोंडावर असलं काही दीक्षानं पहिल्यांदाच पाहिलं.

दीक्षाला क्षणभर वाटलं, फोन बंद करावा. माझ्या बाबांना त्यांची लेक भेटली नाही, मग याला का भेटावी? मायचंही भलं होईल. पण परक्या खोलीत दाराकडे बघत बसलेला बाप तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिनं उठून फोन त्याच्या हातात दिला.

त्यानं तो दोन्ही हातांत धरला आणि इलोनाला लहानपणच्या नावानं हाक मारली. पलीकडून आधी एक किंकाळी आली, मग एका बाईचा अगदी लहान झालेला आवाज, पुन्हा पुन्हा काहीतरी विचारणारा. तो सांगत गेला. पांढऱ्या कुत्र्याचं नाव त्यात होतं, तिच्या आईचं नाव होतं. माय जागची हलली नाही. तिला एक शब्द कळत नव्हता, तरी ती शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली.

दीक्षा पुन्हा दगडावर जाऊन बसली. तिचे बाबा आज पहाटे वारले होते. पण त्यांना न्यायचं नव्हतं, जाळायचं नव्हतं, काका-मामांना फोन करून कळवायचंही नव्हतं, कारण राजापेठेतल्या साऱ्या गल्लीला देवमन गुरुजी भिंतीवरून दिसत होते, उन्हात उभे राहून बोलत असलेले.